दोनशे किलोबाइटांचा उंबरठा आणि मराठी अक्षर

गेल्या जूनमधली गोष्ट. धामणे गावची एक विद्यार्थिनी कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्या वाचनालयात आली. महाराष्ट्रातील प्रवेशासाठी तिने भरलेला अर्ज ‘गावाच्या नावात तफावत’ असा शेरा मारून परत आला होता. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, रहिवासाचा दाखला कन्नडमध्ये, त्याचे मराठी भाषांतर नोटरीच्या शिक्क्यासह. सारे कागद जागच्या जागी होते आणि प्रत्येकावर गावाचे नाव धामणे असेच होते. तफावत कोठून आली, हे कोणालाच उमगेना. अखेर तिने संकेतस्थळावर चढवलेली पीडीएफ फाइल उघडून पाहिली. पडद्यावरच्या दाखल्यात गावाचे नाव स्वच्छपणे ‘घामणे’ असे वाचता येत होते.

“काका, अपलोड तर झालं होतं,” ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. मर्यादा दोनशे किलोबाइटांची होती, सायबर कॅफेतील मुलाने कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर नेऊन दाखला पिळून काढला, तो एकशे चाळीस किलोबाइटांचा झाला आणि यंत्राने तो निमूटपणे स्वीकारला. यंत्राला आकार पाहायचा होता. अक्षर पाहण्याचे काम पुढे एका माणसाचे होते आणि त्याने समोर दिसले ते वाचले. त्याला तरी दोष कसा द्यावा?

देवनागरीत ध आणि घ, तसेच भ आणि म, ही अक्षरे परस्परांहून वेगळी ठरतात ती मुख्यतः शिरोरेषेतील एका फटीमुळे. ध आणि भ यांच्या डाव्या अंगावर शिरोरेषा तुटलेली असते. घ आणि म यांच्यावर ती अखंड असते. दहा पॉइंटांच्या छपाईत ही फट जेमतेम एका पॉइंटाची, म्हणजे इंचाच्या बहात्तराव्या हिश्श्याची. अनुस्वाराचा ठिपकाही साधारण तेवढाच. आता पीडीएफमधील चित्राची दाट ७२ ठिपके प्रति इंच इतकी खाली आणली, तर त्या फटीच्या वाट्याला एक ठिपका येतो, तोही शेजारच्या काळ्या रंगात मिसळून करडा झालेला. दीडशेवर दोन ठिपके येतात, तीनशेवर चार. नंदगडचा अनुस्वार टिकावा की जावा, येळ्ळूरच्या ळखालचा दीर्घ ऊकार ऱ्हस्व व्हावा की न व्हावा, हे या दोन-चार ठिपक्यांवर ठरते. २०१४ च्या जुलैत ज्या येळ्ळूरच्या फलकासाठी गावाने लाठ्या झेलल्या, त्याच येळ्ळूरचे नाव आपण स्वतःच्या हाताने, एका कळीसरशी पुसट करतो आणि ‘अपलोड यशस्वी’ हे शब्द वाचून समाधानाने घरी जातो.

रोमन लिपीचे असे होत नाही असे नाही. पण त्या लिपीचा अर्थभार बहुतांशी एका पट्ट्यात सामावलेला असतो. आपल्या लिपीत तो तीन मजल्यांवर विभागलेला आहे. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, रकार, ऋकार. त्यामुळे त्याच उंचीच्या ओळीत मुख्य अक्षराला जागा कमी मिळते आणि वरखालच्या खुणा अधिकच बारीक होतात. कन्नड लिपीची व्यथाही याहून निराळी नाही. अक्षराखाली लटकणारे तिचे जोडाक्षर हलक्या पीडीएफमध्ये असेच चिरडले जाते. भाषेच्या प्रश्नावर आपले मतभेद आहेत आणि ते राहतील, परंतु या एका बाबतीत बेळगावच्या कन्नड विद्यार्थ्याचे दुःख आणि आपले दुःख एकच आहे, हे मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही.

पीडीएफचा आकार वाढतो कशामुळे, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यातील बहुतेकांना ती फाइल म्हणजे एक बंद पेटी वाटते. अडोबी कंपनीने १९९३ साली हा प्रकार आणला आणि २००८ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. या पेटीत दोन अगदी वेगळ्या प्रकारचा ऐवज असू शकतो. एक म्हणजे मजकूर, जो अक्षरांच्या संकेतांच्या आणि त्या अक्षरांच्या आकृत्यांच्या रूपाने साठवलेला असतो. दुसरे म्हणजे चित्र, ज्यात अक्षर नावाची गोष्टच नसते. असतात ते केवळ ठिपके. युनिकोडमध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला साधारणतः तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे एक पान मजकूर म्हणून साठवले, तर ऐवज सहा हजार बाइटांचा होतो. वापरलेल्या आकृत्या धरूनही ती फाइल सहसा शंभर किलोबाइटांच्या बरीच आत राहते. तेच ए-फोर पान तीनशे ठिपके प्रति इंच या दाटीने रंगीत चित्र म्हणून टिपले, तर ठिपके होतात सुमारे ८७ लाख आणि प्रत्येकाला तीन बाइट धरले तर कच्चा ऐवज २६ मेगाबाइटांचा. मग तो दाबून बसवावा लागतो आणि दाबताना काय चेपले जाईल, हे आपल्या हाती राहत नाही.

आणि आपण काय करतो? निवेदन संगणकावर टंकतो. ते छापतो. त्यावर सह्या घेतो. भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र काढतो, ज्यात टेबलाची कडा, पंख्याची सावली आणि कोणाचा तरी अंगठाही येतो. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून दुसऱ्याला पाठवतो. तिथे ते एकदा दाबले जाते. तो त्याची पीडीएफ करतो. मग ‘फाइल मोठी आहे’ म्हणून ती आणखी एकदा दाबली जाते. सहा किलोबाइटांच्या मराठी मजकुराचे आपण चार मेगाबाइटांचे छायाचित्र केले आणि मग दोनशे किलोबाइटांत बसवण्यासाठी त्याचीच अक्षरे खरवडली. आमच्या चळवळीची कितीतरी निवेदने मी स्वतः याच पद्धतीने पाठवली आहेत, तेव्हा हा दोष परक्याच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही.

यातील पहिला उपाय म्हणूनच कुठल्याही संकुचन-साधनाच्या आधीचा आहे. जे टंकलिखित आहे, ते मजकूर म्हणूनच पाठवावे. शब्दलेखकातून थेट पीडीएफ करावी. सही हवीच असेल, तर शेवटचे सहीचे पान तेवढे स्कॅन करून जोडावे. बारा पानांच्या निवेदनातील अकरा पाने मिळून सुद्धा मग त्या एका पानाहून हलकी ठरू शकतात. मात्र टंकन युनिकोडमध्ये हवे. जुन्या टंकांत केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून रोमन चिन्हांची भेळ असतो. तो शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, आणि टंक हाताशी नसलेल्या संगणकावर तो निव्वळ गिचमीड होतो. तीस-तीस वर्षे हे टंक वापरलेल्या मुद्रकांचा मला राग नाही, त्यांनीच सीमाभागातील मराठी छपाई जगवली. परंतु सरकारदरबारी जाणारा कागद आता तरी युनिकोडमध्ये असावा.

दाखला, उतारा, जन्मनोंद हे मात्र कागदच असतात, ते स्कॅन करावेच लागतात. तेथे निर्णय स्कॅनरच्या पडद्यावरच घ्यायचा असतो, नंतर नव्हे. छापील काळा मजकूर असलेल्या पानाला रंगाची गरज नसते. तेच ए-फोर पान तीनशेच्या दाटीने केवळ काळ्या-पांढऱ्या दोन रंगांत टिपले, तर कच्चा ऐवज २६ मेगाबाइटांवरून सुमारे ११ लाख बाइटांवर येतो, कारण प्रत्येक ठिपक्याला तीन बाइटांऐवजी एकच बिट पुरतो. पुढे फॅक्स यंत्रांसाठी १९८० च्या दशकात ठरलेल्या संकुचन-पद्धतीने तो बांधला, की स्वच्छ छपाईचे पान सहज शंभर किलोबाइटांच्या आत येते आणि एकही ठिपका गमावला जात नाही. म्हणजे जी मर्यादा गाठण्यासाठी आपण अक्षरांचा बळी देतो, ती अक्षर तसेच ठेवूनही गाठता येते. टाकायचा असतो तो कागदाचा पिवळेपणा.

अर्थात जुन्या कागदांना हा नियम सरसकट लावता येत नाही. १९५६ पूर्वीचे, मुंबई राज्यातल्या काळातील दाखले आमच्याकडे अजून घराघरांत आहेत. शाई फिकी, शिक्का जांभळा, घडीवर चीर. असे पान दोन रंगांत टिपले, की शिक्का अक्षरांवर काळा डाग होऊन बसतो. तेथे करडी छटा, दीडशे ते दोनशेची दाट आणि मध्यम दर्जाचे जेपेग संकुचन हा मार्ग बरा. पान दोनशे किलोबाइटांच्या आसपास येते. भोवतीची रिकामी कड कापली, तर आणखी थोडे घटते. पण जेपेगची एक खोड ध्यानी ठेवावी. ते चित्राचे आठ-बाय-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील बारकावे गाळते. छायाचित्रातील आकाशासाठी ही युक्ती उत्तम आहे. अक्षरासाठी नाही, कारण ७२ च्या दाटीवर दहा पॉइंटांचे आख्खे अक्षर अशा एक-दोन चौकोनांत मावते आणि गाळले जाणारे बारकावे म्हणजे नेमके अनुस्वार आणि फटी असतात. दर खेपेला नव्याने दाबले, की नव्याने गळती होते. म्हणून दाबलेली फाइल पुन्हा दाबू नये. मूळ स्कॅनकडे परत जाऊन नवी प्रत काढावी.

घोस्टस्क्रिप्ट या मुक्तस्रोत प्रणालीत यासाठी तयार पायऱ्या आहेत: ‘स्क्रीन’ म्हटले की ७२, ‘ईबुक’ म्हटले की १५०, ‘प्रिंटर’ म्हटले की ३००. मराठी दाखल्यासाठी ‘स्क्रीन’ ही पायरी उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढतानाही चित्रांचा दर्जा आणि दाट निवडता येते. ही दोन्ही साधने आपल्याच संगणकावर चालतात, हे त्यांचे मोठे गुण. फुकट संकेतस्थळावर जाऊन आधार कार्ड, जातीचा दाखला, वडिलांचे उत्पन्न-प्रमाणपत्र दाबून घेणे म्हणजे ते कागद एका अनोळखी माणसाच्या कपाटात ठेवून येणे होय. प्रवेशाच्या गर्दीत कोणाला त्याचे भान राहत नाही.

पुसट अक्षराहून भयंकर प्रकार एक आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्सच्या काही स्कॅनरांतून निघालेल्या प्रतींत आकडे बदलत होते. एका घराच्या आराखड्यातील तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी असताना प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ हाच आकडा उमटला होता. अन्यत्र ६ चे ८ झाले होते. कारण होते जेबिग-२ नावाची संकुचन-पद्धत. तिचा एक प्रकार पानावरील सारख्या दिसणाऱ्या आकृत्या शोधतो, त्यांतील एकच साठवतो आणि सर्व ठिकाणी तीच छापतो. पुसट अक्षर पाहून वाचणारा निदान थबकतो, चष्मा पुसतो. येथे अक्षर ठळक, सुबक आणि चुकीचे असते. दोन आकड्यांतील भेद ज्या यंत्राला कळला नाही, त्याला ध आणि घ यांतील फट कळेल अशी खात्री कोण देईल? सात-बारावरचे क्षेत्र आणि वारसाचे नाव अशा यंत्राच्या हवाली करण्यापूर्वी निघालेली फाइल दुप्पट मोठी करून, ओळ न् ओळ मूळ कागदाशी ताडून पाहावी, इतके तरी आपल्या हाती आहे.

येथवर जे सांगितले, ते आपण आपले करायचे. पण सारा भार अर्जदारानेच का उचलावा, हा प्रश्न उरतोच.

सीमाभागातील ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे आणि विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने आपल्या व्यावसायिक प्रवेशांत स्वतंत्र प्रवर्ग ठेवला आहे. त्याबद्दल कृतज्ञता आहे. परंतु त्या प्रवर्गातून अर्ज करणाऱ्या मुलीच्या कागदांचा विचार करा. पुण्याच्या मुलीचा रहिवासाचा दाखला एका पानाचा आणि एका भाषेचा. आमच्या मुलीचा तोच दाखला कन्नडमध्ये, सोबत भाषांतर, भाषांतराखाली शपथपत्र. म्हणजे तीन पाने, आणि ती एकाच रकान्यात एकच फाइल करून चढवायची. मर्यादा दोघींना सारखीच. एकीला एका पानासाठी दोनशे किलोबाइट मिळतात, दुसरीला पानामागे सदुसष्टही नाहीत. नियम करणाऱ्याच्या मनात दुजाभाव नसेल; बहुधा द्विभाषिक माणूसच त्याच्या डोळ्यांसमोर नसेल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या वाट्यालाही जुन्या मोडी कागदांमुळे आणि त्यांच्या लिप्यंतरांमुळे हेच येते.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्यालाच जोडून भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद आली. कागदाच्या युगात हा हक्क बजावायला टपालाचे तिकीट पुरत असे. आता अनेक संकेतस्थळांवर मजकुराच्या चौकटीत देवनागरी टंकायला गेले, की ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’ असा इशारा येतो. आमची मुळाक्षरे त्यांच्या लेखी विशेष चिन्हे आहेत! फाइलचे नाव ‘दाखला’ असे देवनागरीत ठेवले तरी काही ठिकाणी ती नाकारली जाते. मग मराठी अर्जाला उरते ती एकच वाट, पीडीएफ जोडण्याची. आणि त्या वाटेवर दोनशे किलोबाइटांचा उंबरठा. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो ओलांडावा लागत नाही, कारण त्याचा मजकूर चौकटीतच मावतो.

मर्यादाच नसावी, असे मी म्हणत नाही. लाखो अर्जांचा साठा कोठेतरी ठेवावा लागतो, खेड्यातील जोडणीवरून जड फाइल चढत नाही, हे खरे आहे. परंतु मर्यादा फाइलमागे न ठेवता पानामागे ठेवता येईल. भाषांतरासाठी निराळा रकाना देता येईल. आणि सर्वांत सोपे म्हणजे, दहा मेगाबाइटांची फाइल स्वीकारून ती योग्य दाटीत बसवण्याचे काम संकेतस्थळाच्या यंत्रालाच नेमून देता येईल. ज्या प्रणाली सायबर कॅफेतील मुलगा वापरतो, त्याच तेथेही चालतात. शिवाय काय गाळायचे नि काय राखायचे, याचा निर्णय मग एका ठिकाणी, जाणत्या माणसाने घेतलेला असेल. मंत्रालयात जाणाऱ्या आपल्या शिष्टमंडळांच्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा मी अद्याप पाहिलेला नाही. तो फार तांत्रिक वाटतो म्हणून गळतो. अर्ज परत आलेल्या घराला तो तांत्रिक वाटत नाही.

एक सूचना आपल्या संस्थांसाठी. चढवण्यासाठी हलकी केलेली प्रत आणि जपण्यासाठीची प्रत यांत गल्लत करू नये. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. येथील ‘तरुण भारत’ १९१९ पासूनचा. अशा संग्रहांतील जुनी पाने, गावोगावच्या स्मरणिका, सत्याग्रहींच्या याद्या स्कॅन होतात तेव्हा ‘जागा वाचावी’ म्हणून त्या लगेच दाबल्या जातात आणि मूळ स्कॅन पुसून टाकला जातो. चुरगळलेला कागद इस्त्रीने सरळ होईल, गाळलेले ठिपके परत येत नाहीत. मूळ प्रत तीनशेच्या दाटीची, न दाबलेली, दोन ठिकाणी ठेवावी. जगाला हलकी दाखवावी.

त्या दिवशी वाचनालयाच्या स्कॅनरवर आम्ही तिचा दाखला नव्याने टिपला. काळा-पांढरा, तीनशेची दाट, कड कापलेली. चौसष्ट किलोबाइट झाले. कन्नड दाखला, भाषांतर आणि शपथपत्र यांची तीन पानी फाइल मात्र शिक्क्यांमुळे हट्टाला पेटली होती. दुसऱ्या पानावरचा शिक्का करड्या छटेत, बाकीची पाने दोन रंगांत, असे करत ती एकशे सत्त्याण्णवावर आली. तिने पडद्यावर धामणे हा शब्द मोठा करून पाहिला, ध वरची फट बोटाने दाखवली आणि दुरुस्तीचा अर्ज पाठवून दिला. फाइलचे नाव तेवढे तिने रोमन अक्षरांत ठेवले होते. पुन्हा परत यायला नको, म्हणाली.